पायात काय घालता?

सकाळी साडेसहाला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता धरतात. एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर अमेरिकेतल्या पुतण्याचं जेवण झालं. त्या दिवशी दुसरी निघाली. पुतण्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी असतो. हिवाळ्यात आपल्या साडेसहाला तिथं आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्यामुळं तो भरपेट आणि गप्पिष्ट, मी चूळ भरायच्या बेतात. 'आई कशी आहे, थंडी किती आहे' झालं आणि मग त्यानं आवाज एकदम खाली आणला.

"काका, पायपेटी वाजवताना तुम्ही पायात काय घालता?"

चाळीस वर्षं मी पेटी वाजवतोय. लोकांनी मला पट्टी विचारली, पेन्शन विचारली. एका सद्गृहस्थांनी तर भर भजनात वाकून 'गुडघे दुखत नाहीत का हो?' असंही विचारलं. पण पायात काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो. "चपला बाहेर काढतो."

"ते झालंच हो. पण बाहेर काढायच्या आधी कुठल्या असतात?"

एवढ्यावरून मी ओळखलं, पोरगं संकटात आहे.

संकट सांगण्याआधी माझा अधिकार सांगायला हवा. शिरपूरच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि रोज प्रार्थनेला पेटी वाजवली. मराठी किती जणांना आलं ते बोर्डालाच ठाऊक, पण गावातले निम्मे दुकानदार अजूनही मी दिसलो की पाय जुळवून सरळ उभे राहतात. तो धाक माझा नव्हे, पेटीच्या पहिल्या दोन सुरांचा आहे. घरी मात्र माझ्याकडं पायपेटी आहे. ती मामांची. मिटली की ट्रंक, उघडली की चार पायांचं टेबल, आणि खाली तिरक्या दोन फळ्या. आम्ही त्यांना पायडल म्हणतो. एक पाय खाली, दुसरा वर, असा भाता भरत राहायचा. दोन्ही हात मोकळे, हा तिचा मोठेपणा. हात सूर धरतात, पण त्या सुराचा श्वास पायात असतो. नवशिक्याचा पाय हटकून तबल्याच्या लयीत पडायला लागतो आणि मग सूर उचकी लागल्यासारखा हुप्-हुप् करत राहतो. हात एका लयीत, पाय वेगळ्याच बेतात, आणि चेहऱ्यावर यातलं काही दिसू द्यायचं नाही. सरकारी नोकरीत हे लवकर जमतं.

आता वाद्याला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. मग जे वाद्य पायानंच वाजवायचं, त्याचं काय करायचं? मामांनी त्यावर तोडगा काढला होता. बसण्याआधी ते दोन्ही पायडलांना वाकून नमस्कार करायचे आणि मग तीन तास त्यांनाच लाथा घालायचे. पण अनवाणी. वाद्याची आणि वहाणेची गाठ पडू द्यायची नाही, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मीही पाळतो. डिसेंबर-जानेवारीत धुळे जिल्ह्यातली थंडी हाडात शिरते, तेव्हा काकडआरतीला पायडल बर्फाच्या लादीसारखं लागतं. तरी मोजे नाहीत.

नियमाला शिरपुरात अपवाद एकच, लग्नातला बॅण्डवाला. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला, डांबर पायाला चिकटतंय, आणि हा माणूस लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी अशा थाटात अहिराणी गाण्यावर वरात नाचवतोय. नजर हळूहळू खाली न्यावी, तर इस्त्री मोडलेली पांढरी पॅण्ट आणि तिच्याखाली निळ्या पट्ट्यांची हवाई चप्पल. वर इंग्लंडचा राजा, खाली आंघोळीला निघालेला शिरपूरकर. सोयीच्या पादत्राणाचा विचार करणारा खानदेशातला पहिला संगीतकार तोच, असं माझं मत आहे.

बाकी आमच्या संगीतात पादत्राणांचा प्रश्न आहे, पण तो निवडण्याचा नाही. सापडण्याचा आहे. भजनाला बसताना पेटीवाल्यानं जागा अशी धरायची की माना हलवता हलवता एक डोळा दाराशी राहील. एक चप्पल तुळशीजवळ, दुसरी नळाजवळ ठेवायची. नव्या चपला घालून तर जायचंच नाही. मी एकदा गेलो. पूर्ण अभंगभर माना हलवल्या, दादही मिळाली, आणि घरी आलो तो एका पायात आठ नंबर आणि दुसऱ्यात दहा. दोन्ही डाव्या. ऐकणाऱ्यांत आपल्याला मानणारा कुणीतरी असतो, तसा आपल्या मापाचाही कुणीतरी असतो.

तर पुतण्याचं संकट. नोकरीसाठी नॅशव्हिलला गेलेला हा मुलगा एका शनिवारी तिथल्या ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर गेला. त्या रस्त्यावर दर चार पावलांवर एक गाण्याचं हॉटेल आहे. एका हॉटेलात त्याला एक आवाज ऐकू आला. एक सूर उचलला जातो आणि न तुटता, हुंदका गिळल्यासारखा, दुसऱ्या सुरावर जाऊन टेकतो. लहानपणी माझ्या पेटीशेजारी बसून नाट्यगीतं ऐकलेला मुलगा तो. त्यानं गर्दीतून मान काढून पाहिलं, तर एक म्हातारा खुर्चीवर बसून टेबलासारखं काहीतरी वाजवत होता. पेडल स्टील गिटार. सहा महिन्यांनी एक जुनी गिटार पुतण्याच्या दिवाणखान्यात आली.

त्यानं ती आम्हाला फोनवर दाखवली तेव्हा वहिनी माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. "भाऊ, हाई काय शे?" त्या म्हणाल्या. "इस्तरीना टेबल शे का शिवानं मशीन?"

दोन्ही बरोबर. वरून इस्त्रीचं टेबल, खालून शिलाई मशीन. वर दहा तारा, त्यांच्यावर डाव्या हातानं पोलादाचा गुळगुळीत दांडू फिरवायचा. स्टील म्हणतात ते त्या दांडूला. उजव्या हातात सतारीच्या नखीची भावंडं, तीन बोटांत तीन. खाली डाव्या पायासाठी तीन पेडलं, ती लांब गजांनी तारांना जोडलेली. पेडल दाबलं की ठरावीक तारा ताणल्या जातात, सूर चढतो. गुडघ्यांशी लोखंडी पट्ट्या, त्या डावीकडं, उजवीकडं, एक तर वरसुद्धा ढकलायची. उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं वेगळं पेडल. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे. नाक तेवढं मोकळं.

"तठे जाईसन हाई शिकना का?" वहिनी म्हणाल्या आणि कणीक मळायला निघून गेल्या.

मला मात्र ते वाद्य पाहून आतून काहीतरी झालं. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. ती उठायला तीस वर्षं लागली. पेटीवरचा मुख्य आक्षेप असा की तिच्यात मींड निघत नाही. दोन सुरांच्या मधली वाट तिला ठाऊक नाही. जिला मींड येत नाही म्हणून हिणवलं गेलं तिला मी जन्मभर कवटाळून बसलो, आणि माझ्या पुतण्याच्या पायाखाली नुसती मींडच मींड.

शिवाय ते वाद्य काही परकं नाही. मूळ हवाई बेटांवरचं. तिथला जोसेफ केकुकू हा पोरगा १८९०च्या आसपास गिटार आडवी घेऊन तारांवर लोखंड सरकवायला लागला. रुळांवरून चालताना सापडलेला बोल्ट त्यानं तारांवर घासला आणि त्यातून हे सगळं निघालं, अशी गोष्ट सांगतात. ती हवाई गिटार हिंदुस्थानात आली आणि आपल्याला एवढी मानवली की एके काळी रेडिओवर सिनेमाची धून म्हटलं की व्हॅन शिपली, नाहीतर हजारा सिंग. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' माझ्याकडं कॅसेटवर होती. विश्वमोहन भट्टांना तर १९९४ साली तिच्या वंशजावर ग्रॅमी मिळालं. अमेरिकेत तिला पाय फुटले. १९५३च्या अखेरीस वेब पिअर्स नावाच्या गायकानं 'स्लोली' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात बड आयझॅक्सनं तार वाजत असतानाच पेडल दाबलं, सूर डोळ्यांदेखत वाकला, आणि मग म्हणतात, बाकीच्या वादकांनी आपापल्या गिटारी उलट्या पाडून पेडलं बसवायचा सपाटा लावला.

म्हणजे १९५३ पर्यंत ह्या वाद्यातही कुणाला पायात काय आहे ह्याची फिकीर नव्हती. पाय आले आणि भानगड आली.

भानगड अशी. तीन पेडलांना ए, बी, सी म्हणतात. तारा 'ई'च्या मेळात लावलेल्या. ए आणि बी दोन्ही एकदम दाबली की सगळा मेळ आपल्या भाषेत षड्जावरून मध्यमावर जातो. नुसतं ए दाबलं तर मात्र उदास मेळ निघतो, त्यांच्या भाषेत मायनर. पेडलं एकमेकांना खेटून, आणि डावा पाय घोटा कलता करून ह्यावरून त्यावर न्यायचा. ह्या कलण्यावरून तिथल्या वादकांत दोन पंथ आहेत. बडी एमन्सचे लोक डावीकडून ए, बी, सी लावतात, जिमी डेचे लोक बरोबर उलटं. घोटा कुठल्या बाजूला वळवायला सोपा, एवढाच मुद्दा. आपल्याकडं एवढ्यावर ग्रामपंचायत फुटली असती.

आता आमच्या घराण्याचे पाय. आजोबा-पणजोबा कपाशीच्या काळ्या रानात चालून चालून गेले. पाय रुंद, बोटं पंख्यासारखी फाकलेली. त्यावर पुतण्यानं अमेरिकन स्पोर्ट्स शूज चढवले. त्यांचा तळवा पुरणाच्या पाट्यासारखा. तो ए दाबायला जायचा आणि शेजारचं बी आपोआप दबायचं. बायको सोडून गेली, कुत्रं मेलं, अशा गाण्यात नेमक्या हुंदक्याच्या जागी ह्याचा जोडा साखरपुडा उरकून टाकायचा.

मग त्यानं मोजे घालून पाहिलं. मोजे पेडलावरून घसरतात. अनवाणी बसला, तर लोखंडी कडा तळव्याला कापते, आणि तिथल्या हॉटेलांत बूट नसलेल्याला आत घेत नाहीत. तिथले वादक काऊबॉय बूट घालतात. निमुळतं टोक बरोबर एका पेडलावर बसतं, चामडी तळवा सरकतो पण घसरत नाही. पण त्या निमुळत्या टोकात आमच्या घराण्याची बोटं शिरेनात, आणि किंमत ऐकून तर वहिनींनी पुन्हा कणीक मळायला घेतली. "म्हणून विचारलं, काका," तो म्हणाला. "तुम्ही जन्मभर पायानं वाजवताय."

अशा वेळी माणसानं आपलं अज्ञान कबूल करावं. मी म्हणालो, "बघतो मी शिरपुरात."

फोन ठेवल्यावर इतिहास आठवून पाहिला. हार्मोनियम मूळची पॅरिसची, आलेक्सांद्र देबँ ह्यांची, १८४०च्या दशकातली. ती पायपेटीच होती, खुर्चीवर बसणाऱ्या लोकांची. १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी तिचे पाय काढून हातपेटी केली आणि मांडी घालून बसणाऱ्या देशाच्या मांडीशी आणून ठेवली. पाय मांडीखाली गेले, प्रश्न मिटला. पायानं वाजवायचं उरलं ते मुख्यतः संगीत नाटकात. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष, ही नावं मामांना पाढ्यासारखी पाठ होती. पण हरिभाऊंच्या पायात काय असे, हे त्यांनी सांगितलं नाही. मराठी संगीताच्या इतिहासात पगड्या सापडतात, फेटे सापडतात, बालगंधर्वांच्या शालू-अत्तराची वर्णनं सापडतात. जोडे नाहीत. ते सगळे बाहेर काढलेले. युरोपात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांचं बरोबर उलटं आहे. त्यांना पायानंही सूर वाजवायचे असतात, म्हणून पातळ चामडी तळव्याचे, थोड्या टाचेचे खास बूट असतात. ते रस्त्यावर घालत नाहीत. पिशवीतून नेतात आणि वाद्याशी बसून चढवतात. आपण ज्या क्षणी काढतो, त्या क्षणी ते घालतात.

करवंद नाक्याकडं चपलांचं एक दुकान आहे. मालक माझा विद्यार्थी. मी पायरी चढलो आणि तो पाय जुळवून उभा राहिला.

"बसा सर. काय दाखवू?"

मी सांगितलं. तळवा पातळ हवा, पण टोचता कामा नये. बांध्यानं अरुंद, पण चिमटणारा नको. घसरणारा नको, तसा चिकटणाराही नको. टाच असावी, पण जाणवू नये. घोट्याला मोकळीक पाहिजे.

"सर," तो अदबीनं म्हणाला, "हे जोड्याचं सांगताय की स्थळाचं?"

कोल्हापुरी पहिली निघाली. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन २०१९ साली मिळालं, आणि २०२५ मध्ये इटलीच्या प्राडानं मिलानमध्ये तसल्याच चपला मांडल्यावर आपल्याला तिचा अभिमान वाटायला लागला. हे सगळं दुकानदारानंच मला ऐकवलं. पण कोल्हापुरीचा तळवा म्हणजे चामड्याची पोथी. खाली पेडल आहे की उंदीर, कळणार नाही. वर प्रत्येक मींडेमागं कर्रर्र वाजणार ते वेगळंच. मोजडीचं टोक काऊबॉय बुटाच्या जवळचं, पण घराण्याची बोटं तिथंही अडली. हवाई चप्पल मी हातात घेऊन जरा वेळ पाहत राहिलो. नाव तरी त्याच बेटांचं सांगतात. गिटार तिथली, चप्पल तिथली, आणि दोघींचं एकमेकींशी जमू नये? पण चप्पल टाचेशी सुटी, घोटा कलला की ती पेडलावर आणि पाय जमिनीवर. बहिणी-बहिणींचं सासर एक असू नये म्हणतात, त्यातलाच प्रकार.

शेवटी मालकानं वरच्या फळीवरून पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज काढले. शनिवारच्या कवायतीचे. ते पाहिल्यावर माझ्या नाकात खडूचा वास आला. एके काळी ह्या बुटांना पोरं शुक्रवारी रात्री खडू फासायची. तळवा पातळ, कापड लवचीक. मी दुकानात जोड्यांची तीन रिकामी खोकी ओळीनं मांडली. ए, बी, सी. बाकावर बसलो, डोळे मिटले, घोटा कलता केला आणि ए दाबलं. खोकं बसलं. बी दाबलं, तेही बसलं. डोळे उघडले तर समोर दोन गिऱ्हाइकं, एक लहान मुलगी, आणि पाय जुळवून उभा मालक. मुलीनं आईला विचारलं, "आजोबा काय करताहेत?" आईनं तिला जवळ ओढून घेतलं.

खोक्यांवर खरं माप कळेना, म्हणून मी बूट पायातच ठेवून शेजारच्या टेलरकडं गेलो. त्याच्याकडं अजून पायानं चालवायचं मशीन आहे. चाळीस वर्षं त्याचे पाय त्या पायडलावर आहेत. म्हणजे पायानं काम करणारे म्हणून आम्ही व्यवसायबंधू. त्यानं मला बसू दिलं. मी पायडल मारलं, मशीन उलटं फिरलं, दोरा तुटला. पायात कॅनव्हास, तळव्याखाली काहीच कळेना. त्याच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी. चपला दाराशी.

"तुम्ही घालत नाही?"

"सर, पायले समजस," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. "जोडाले काय समजस?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हॉटेलवाल्याला कोण समजावणार?

मग मी ते बूट घेऊन बाजारात चपला-बूट शिवणाऱ्या एका दादांकडं गेलो. म्हटलं, तळव्याचं रबर काढा, पातळ चामडं लावा, आणि डाव्या बुटाची कड आतून-बाहेरून छाटून अरुंद करा. त्यांनी बूट उलटा करून पाहिला, मग मला पाहिलं.

"नवा जोडाना तळवा कापी टाकू? पायले काही लागेल शे का?"

मी पेडल स्टील गिटार समजावून सांगितली. पंधरा मिनिटं लागली. रस्त्यावर इस्त्रीचं टेबल, शिलाई मशीन, गुडघे, सगळं अभिनयानं केलं. त्यांनी ऐकून घेतलं, बूट पायात धरला आणि काम सुरू केलं. चामडं सोलून कागदासारखं पातळ केलं, मधे खाच घेतली, कड उतरवली. मध्येच म्हणाले, उजवा आहे तसा ठेवतो, तो आवाजाचा ना? म्हणजे माझ्या पंधरा मिनिटांतलं सगळं त्यांना कळलं होतं. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं नीट कुणी ऐकलं नव्हतं.

पुतण्यानं फोटो पाहून त्याला नाव दिलं, 'शिरपूर पॅटर्न'. मला ते लागलं. शिरपूर पॅटर्न ही आमच्याकडची गंभीर गोष्ट आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून, बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवून दाखवलं आणि ते बघायला लोक लांबून आले. "पण काका," तो म्हणाला, "तुम्ही तर रुंदीचं अरुंद आणि जाडीचं पातळ केलंय. उलटा पॅटर्न." सूर मुरला म्हणजे झालं, मी म्हणालो.

बूट पाठवायचे कसे? गल्लीतली एक मुलगी नवऱ्याकडं अमेरिकेला निघाली होती. तिच्या बॅगेत आमच्यासाठी दोन किलोची जागा मोकळी होती. त्या दोन किलोंवर वहिनींनी पावसाळ्यापासून डोळा ठेवला होता.

"बिबड्या आठे राहतीन आणि जोडा तठे जाई?" वहिनींचा आवाज चढला.

ज्वारीच्या बिबड्या एका बाजूला, संगीत दुसऱ्या. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. शेवटी तडजोड निघाली. बिबड्या बॅगेत आडव्या, बूट उभे, आणि बुटांत शेवभाजीच्या काळ्या मसाल्याच्या पुड्या कोंबलेल्या. डाव्यात तिखट, उजव्यात बेताचा. ए-बी-सीचा पाय तिखटाचा आला, हा योगायोग.

बूट पोहोचले. पहिल्याच शिकवणीला पुतण्याच्या म्हाताऱ्या गुरुजींना सलग अकरा शिंका आल्या, पण बूट त्यांनी हातात घेऊन निरखले. तळव्यावर अंगठा फिरवला आणि हे कुणी केलं, असं विचारलं म्हणे. मी हे इथल्या दादांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या बाईच्या पर्सचा बंद ओढून पाहिला.

त्यानंतर दीड महिना फोनवर दुसरा विषय नव्हता. ए एकटं लागतंय. हुंदका जागेवर येतोय. साखरपुडे बंद. मला मधूनमधून तुकडे ऐकवायचा. मग एक दिवस त्यानं जाहीर केलं, गुढीपाडव्याला तिथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा लोकांसमोर बसणार. कंट्री नव्हे, मामांच्या आवडीचं एक नाट्यगीत वाजवणार. पेटीवर मी जिथं उडी मारून जातो, तिथं तो वाट काढून जाणार. त्या रात्री मला नीट झोप आली नाही. वहिनींनी तर सकाळी साडेसहाच्या आधीच फोन मांडीवर घेतला होता.

"कसं झालं?"

"चांगलं झालं, काका. मध्यमावर गेलो तेव्हा एक आजी रडल्या."

"आणि बूट?"

पलीकडं शांतता. तशी शांतता मी पूर्वी एकदाच ऐकली होती, दहावीच्या निकालाला.

"कार्यक्रम गणपतीच्या देवळाच्या हॉलमध्ये होता, काका."

"मग?"

"मग काय. दाराशी रॅक आहे. सगळ्यांनी काढले, मीही काढले."

म्हणजे तो अनवाणी वाजवून आला होता. अंगठ्यानं ए धरलं, म्हणाला, आणि बाकीच्या चार बोटांनी बी. फाकलेली बोटं आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली. बसण्याआधी पेडलांना हात लावलास का, असं मी विचारलं. हो म्हणाला, आपोआप गेला. मी काही बोललो नाही. वहिनींनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"आणि जोडा? जोडा कोठे शे?"

"रॅकमध्येच होता, आई. तीन तासांनी गेलो तर जिथं ठेवला तिथंच. इथं कुणी नेत नाही."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मी वहिनींकडं.

"कुणीच नाही?" मी विचारलं. "मग तिथं लोक गाणं ऐकायला येतात तरी कशाला?"